एकाच मंगळवारी दोन रानं

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. सकाळच्या गाडीसाठी आम्ही दोघी हसनाबादच्या स्टँडवर उभ्या होतो, मी आणि रेणुका. माझ्याकडं चाकांची नवी बॅग होती. रेणुकाकडं तिच्या मामानं दिलेली रेक्झिनची होती, तिची चेन अर्ध्यावरच अडकायची. माझ्या आईनं दोघींचे धपाटे एकाच फडक्यात बांधले होते. रेणूची माय तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होती. तिचे वडील सखारामकाका आले नव्हते, मेंढरं घेऊन ते गोदाकाठाकडं गेल्ते.

गाडी लागली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, मला म्हणाले, "अर्चे, रेणूला सांभाळ. तिला काही कळत न्हाई. तू हाईस म्हणून सखारामनं तिला धाडलं."

हे ते तिच्या तोंडावर म्हणाले. रेणूनं हसून मान हलवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं. खिडकीची जागा मी घेतली आणि ती माझ्या बॅगेवर हात ठेवून बाजूला बसली.

तुम्हा गावातल्या माणसांना हे आठवत असेल, कारण स्टँडवर निम्मी आळी जमली होती. गेल्या महिन्यात गावाच्या ग्रुपवर रेणूचा फोटो आला. परदेशातलं ऑफिस, मागं काचेची भिंत, गळ्यात ओळखपत्र. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "अर्चनानं पुण्यात सांभाळलं म्हणून पोरगी इथवर गेली." कोणी तर मला हात जोडल्याची चित्रं पाठवली. खरं काय झालं ते आता लिहिते. जे गावात आहेत त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही.

शाळेत मी पहिली यायची. रेणू कधी आठवी, कधी दहावी. मी संभाजीनगरला इंजिनिअरिंग केलं, ती जालन्यात डिप्लोमा करून मंग डिग्रीला आली. आणि पुण्याच्या एकाच कंपनीचं पत्र आम्हा दोघींना एकाच दिवशी आलं, एकाच पगाराचं. गावात पेढे दोन घरांतून वाटले गेले. आमच्या घरचे पेढे कोणी खाल्ले आणि तिच्या घरचे कोणी, हे मी त्या दिवशी बघत होते. तेव्हापासूनच ते माझ्या आत होतं. त्याला नाव द्यायला मला पुढं बरेच दिवस लागले.

पुण्यात वाकडला एका पीजीत आम्हाला एकच खोली मिळाली. पहिले सहा आठवडे वर्गात शिकवणी. त्यात मी सुखात होते. परीक्षा व्हायच्या, यादी लागायची, माझं नाव वर असायचं. रेणूचं नाव शोधायला बोट खाली न्यावं लागायचं आणि ते मी रोज न्यायची.

शेवटचे दोन आठवडे मात्र शिकवणी बंद झाली. आमच्या ट्रेनर मेघना, वय पन्नाशीचं, तरी त्यांना नुसतं 'मेघना' म्हणायचं असा तिथला रिवाज. त्या म्हणाल्या, "आता पुस्तकं मिटा. अजाइल, म्हणजे थोडं थोडं बनवत, दाखवत, सुधारत जाणं, हे वाचून येत नाही, पोहण्यासारखं आहे. सहा जणांची एक टीम. दोन आठवड्यांत खऱ्या माणसाच्या उपयोगाची एक छोटी गोष्ट बनवायची. शेवटच्या दिवशी ती त्याच माणसाला दाखवायची."

भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर ज्याचं काम त्याचं नाव. रोज सकाळी दहाला फळ्यापुढं उभं राहायचं आणि प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठं अडलंय. पंधरा मिनिटांत मोकळं. उभं राहायचं कारण काय, तर बसलं की माणूस लांबण लावतो.

बनवायचं काय, यावर पहिल्या दिवशी चर्चा झाली. मी रात्रभर विचार करून ग्रंथालयाचं ॲप आणलं होतं. पुस्तकं, सभासद, परत करायची तारीख, सगळं नीट मांडलेलं. लोकांनी माना हलवल्या. मंग मेघनांनी रेणूला विचारलं. तिनं काहीच आणलं नव्हतं. ती म्हणाली, "माझे वडील मेंढरं राखतात. पिकं निघाली की शेतकरी त्यांना बोलावतात, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. लेंड्यांचं खत होतं ना. पण दहा जण फोन करतात आणि तारखांचा घोळ होतो. मागल्या साली दोघांची भांडणं झाली. ज्याला त्याला आपली तारीख दिसली पाहिजे, एवढं करता येईल का?"

पुण्या-नाशिकची ती पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. मेंढरं रात्री रानात बसतात हेच त्यांना माहीत नव्हतं. मतं घेतली. पाच रेणूला, एक मला. ते एक माझंच.

मला राग कशाचा आला सांगू? सखारामकाकांची मेंढरं आमच्याच रानात बसायची. ते रान आमचं होतं. लहानपणी मी बांधावर उभी राहून ती मोजायची. ही गोष्ट मलाही माहीत होती, पण ती कोणापुढं मांडण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. मी ती मागं ठेवून आले होते आणि रेणू ती सोबत घेऊन आली होती.

मेघना म्हणाल्या, वापरणाऱ्यांशी बोला. रेणूनं वडलांना फोन लावला, आणि नंतर माझ्या डोळ्यांदेखत अण्णांना. स्पीकरवर. "अण्णा, मी रेणू. मेंढरं बसवायची तर तुम्ही आधी काय बघता?" आणि अण्णा बोलायला लागले. कोणत्या रानाला खत लागतं, पाणी जवळ पाहिजे, काटेरी कुंपण कोण लावणार, शेजारच्या रानाचे भिकाकाका दर वर्षी मधीच कसे घुसतात. पाऊण तास बोलले. दोनदा मोठ्यानं हसले. मला ते रोज संध्याकाळी फोन करायचे तेव्हा म्हणायचे, "जेवली का? बराबर हाय ना सगळं? ठेवतो." माझ्या बापाला एवढं बोलता येतं हे मला त्या दिवशी एका परक्या खोलीत, दुसरीच्या फोनवरून कळलं. फोन ठेवताना ते रेणूला म्हणाले, "हुशार हाईस गं पोरी." त्यांनी माझी चौकशी केली का, तर केली. "अर्चना हाय का तिथं? असू दे, काम करू दे तिला."

माझ्या वाट्याला तारखांचं काम आलं. एका दिवशी एकाच शेतकऱ्याला तारीख मिळावी, दुसऱ्यानं तीच मागितली तर त्याला पुढची दाखवावी. कागदावर सोपं. दोघांनी एकाच वेळी मागितली तर काय, इथं मी अडले. सोमवारी अडले ते गुरुवारपर्यंत. आणि रोज सकाळी फळ्यापुढं उभी राहून मी म्हणायची, "चालू आहे. होत आलंय."

अण्णांनी आम्हाला लहानपणापासून एक सांगितलेलं. आपलं उणं चार माणसांत सांगू न्हाई. पाहुणे आले आणि घरात साखर नसली तरी आई मागच्या दारानं जाऊन आणायची. मी तशीच वाढले. अडलं की मागच्या दारानं वाट काढायची.

रेणू मात्र दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "मी कालपासून अडकले. मला न्हाई जमून राह्यलं. कोणी बसता का माझ्याजवळ?" मला तिची लाज वाटली. मला वाटलं, संपली ही. पण साताऱ्याचा ओंकार उठला आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. दुपारी नाशिकची श्रुती बसली. संध्याकाळी तिची चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली. पुढच्या दिवशी पुन्हा तेच, "मला हे कळलं न्हाई." पुन्हा कोणीतरी उठलं. आठवडाभरात ती टीमची लाडकी झाली. डबा उघडला की तिच्याभोवती घोळका आणि माझी चिठ्ठी आपली 'चालू'च्या रकान्यात, कोपरे वळून आलेली.

तिच्या हुशारीवर मी जळत नव्हते, हे नीट लिहिते. ती माझ्याहून हुशार नव्हती. तिला "येत नाही" म्हणता येत होतं आणि तसं म्हटल्यावर तिचं काहीच कमी होत नव्हतं. उलट वाढत होतं. माझ्या घरात जे म्हणायची मुभाच नव्हती ते ती खुशाल म्हणत होती आणि लोक तिच्यावर जीव टाकत होते. यावर मी जळत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी कसंबसं ते काम पुरं केलं. शुक्रवारी सकाळी दाखवायचं होतं. गुरुवारी दुपारी जेवणानंतर मी एकटीच दोन फोन घेऊन बसले आणि दोन्हींवरून एकदमच एक तारीख मागितली. दोन्ही फोनवर हिरवी खूण आली, "तारीख मिळाली." पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. चूक माझ्याच कामात होती. अख्खी दुपार हातात होती, टीममधले पाचही जण खोलीत होते.

तेवढ्यात रेणू माझ्या टेबलापाशी आली. दुसऱ्या दिवशी सगळं दाखवायचं काम टीमनं तिला दिलं होतं. ती म्हणाली, "अर्चे, तुझं झालं ना? बराबर हाय ना?"

मी म्हणाले, "बराबर आहे."

भीतीपोटी म्हणाले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. ते तिच्या हातात मोडावं, सगळ्यांसमोर मोडावं, असं मला वाटत होतं. चिठ्ठी मी स्वतःच 'झालं'मध्ये नेऊन लावली.

शुक्रवारी मोठ्या खोलीत वीसेक माणसं जमली. पुढं कोणाला कोणत्या प्रोजेक्टवर घ्यायचं हे ठरवणारेही त्यात होते. पडद्यावर व्हिडिओ कॉलमध्ये तीन खिडक्या होत्या. एकीत सखारामकाका, मुंडासं बांधलेले, मागं मेंढरं. ते खास त्यासाठी सकाळपासून रानात रेंज शोधत हिंडले होते. दुसरीत अण्णा आमच्या ओट्यावर. तिसरीत भिकाकाका. रेणू मोडक्या इंग्रजीत आणि चांगल्या मराठीत सांगत होती आणि लोक कान देऊन ऐकत होते. मंग ती म्हणाली, "आता अण्णा आणि भिकाकाका आपापल्या मोबाइलवरून तारीख मागतील. पाडव्यानंतरचा मंगळवार. दोघं एकदमच दाबा."

दोघांनी दाबलं. दोघांना हिरवी खूण आली. अण्णा म्हणाले, "मला भेटली." भिकाकाका म्हणाले, "मलाबी भेटली."

सखारामकाकांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मंग म्हणाले, "पोरी, मेंढरं तर एकच हायेत. एकाच मंगळवारी दोन रानात कशी बसवू?"

खोलीत हशा पिकला. सखारामकाकांना कळेना की लोक कशाला हसले. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. ते ओशाळून मुंडासं सावरायला लागले. रेणूनं ते बघितलं. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नीट ठेवून ती म्हणाली, "बराबर हाय बापू, तुमचं काही चुकलं न्हाई. हे आमचं राहिलंय. आम्ही दुरुस्त करतो."

आमचं, म्हणाली. चिठ्ठीवर माझं नाव होतं, टीममधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मी खाली बघत होते.

दुपारी मागं वळून बघायची बैठक झाली. काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, माणसाला दोष द्यायचा नाही असा नियम. मेघना एकेक चिठ्ठी वाचत होत्या. एक रेणूच्या अक्षरातली होती. "मी अर्चनाला झालं का एवढंच विचारलं. तिच्याजवळ बसून बघितलं न्हाई. पुढच्या वेळी बसेन." मेघनांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि वाट पाहिली. मला बोलायला चांगला मिनिटभर वेळ होता. मी तो जाऊ दिला. आणि तेव्हाही, खरं सांगते, मी तिच्या चांगुलपणावर जळत होते.

संध्याकाळी खोलीवर ती कपड्यांच्या घड्या करत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुला ठाऊक होतं का?"

"हो."

"कधीपास्नं?"

"काल दुपारपास्नं."

ती वळली. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "माझ्या बापासमोर, अर्चे?"

त्या महिन्याअखेर तिनं खोली बदलली. त्यानंतर ऑफिसात भेटली की ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची. तिचं इंग्रजी कच्चं होतं, दोन वाक्यांसाठी तिला थांबून शब्द शोधावे लागायचे. तरी ती शोधायची.

टीमला तीन दिवस जास्तीचे मिळाले. ती चूक ओंकारनं आणि मी बसून तासाभरात काढली. एका तासाचं काम होतं ते. रेणूला मोठ्या प्रोजेक्टवर घेतलं आणि दोन वर्षांनी बाहेर पाठवलं. सगळं बिघडल्यावर सगळ्यांसमोर ती कशी उभी राहिली हे त्या लोकांनी बघितलं होतं, असं मला पुढं कळलं. मला टेस्टिंगला टाकलं. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या. त्यात माझं बरं चाललंय. सहा महिन्यांनी एका सकाळी फळ्यापुढं मी पहिल्यांदा म्हणाले, "मी अडकलेय, मदत पाहिजे." लोक म्हणाले, बरं, अकराला बसू. बस, एवढंच झालं. एवढ्यासाठी मी काय करून बसले होते.

जळणं काही गेलं नाही. तिचं नवं पद, बर्फातले फोटो मी अजून उघडून बघते. सखारामकाकांना तिनं विमानात बसवून नेलं तेव्हा मी तो फोटो मोठा करून बघितला. काकांच्या अंगात कोट होता, डोक्याला मुंडासं तेच. माझ्या अण्णांनी विमान अजून जवळून बघितलेलं नाही.

तुमचे ते हात जोडलेले निरोप आले आणि त्यानंतरच्याच शनिवारी मी गावी आले. अण्णा ओट्यावर शेंगा निवडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, त्या मंगळवारच्या तारखेची चूक माझी होती आणि दाखवायच्या आदल्या दिवशीच मला माहीत होती, हे सांगितलं. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, कशाला चारचौघांत काढायचं. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"सखारामकडं. ज्याचं हसं झालं त्याला सांग. मला सांगून काय फायदा?"

मेंढरं बारवेजवळच्या रानात होती. काकांनी घोंगडी अंथरली. अण्णा उभेच राहिले, बसले नाहीत. मी सांगितलं. काका ऐकत होते. मंग म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? लोक हसले, मी दोन दिसांत विसरलो. पण रेणू त्या दिशी फोनवर लई रडल्ती. मी विचारलं कोण होतं, तर नाव घेतलं न्हाई. चार वर्षांत न्हाई घेतलं." चहा ओतता ओतता म्हणाले, "तिला तूच सांग. मी मधी पडणार न्हाई." आणि त्यांनी आम्हा दोघांपुढं चहा ठेवला. अण्णा तेव्हा बसले. परत येताना अण्णा वाटेत एवढंच म्हणाले, "तुम्ही पुण्याला निघाल्या त्या दिशी गाडीपाशी मी बोललो ते बोलायला नको होतं."

हे सगळं लिहून मी आधी रेणूला पाठवलं. तुमच्याआधी तिनं वाचावं म्हणून. दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "वाचलं. ग्रुपवर टाक. माझा राग अजून गेला न्हाई."

मी ते उत्तर कितीदा वाचलं. पुण्यात मला आता चार वर्षं होऊन गेली. घराचे हप्ते, जिम, मैत्रिणी, सगळं आहे. इथं माणसं नाराज झाली की टीम बदलून घेतात आणि पुढच्या महिन्यात लिफ्टमध्ये हसून बोलतात. इतकी वर्षं माझ्यावर राग धरून बसावं एवढी मी इथं कोणाचीच लागत नाही. तसं माणूस मला गावातलंच मिळालं. तिचा राग जाईपर्यंत, आणि नाहीच गेला तरी, माझं घर हसनाबादलाच आहे.